कोऱ्या मेणबत्तीचा वास

भूत, चकवा, करणी... असलं काही मी जन्मात मानलं नाही. खाडीच्या बांधावर एकट्यानं राखण केलेला माणूस मी. तिथे मला धरलं ते फक्त डासांनी. तेव्हा ज्याला सुरुवातीलाच "म्हाताऱ्याला भास झाला" असं बोलायचं असेल त्यानं पुढे वाचू नये, आपलं काम करावं.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. सून बोलली, "बाबा, तुम्ही सांगा, मी मोबाइलवर टाइप करते." मी बोललो, माझं मी लिहीन. वेळ लागेल, लागू दे. तू लिहिलंस तर लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील, माझ्यावर नाही.

जागा आधी सांगतो. पनवेल, उरण नाक्यावरून आत जाणारी गल्ली, चार मजली बिल्डिंग, दुसरा माळा. घरात चार माणसं — मी, माझी बायको हिरा, मुलगा प्रकाश आणि सून स्नेहल. प्रकाश द्रोणागिरीच्या बाजूला कंटेनरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्या गोडाऊनच्या आसपासच पूर्वी आमचं मिठागर होतं. भराव पडला, आगर गेलं, आम्ही पनवेलला आलो. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. गेलं ते गेलं.

आता मुद्दा. मागच्या पावसाळ्यात हिराला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या नाकाचा वास घेऊन गेला. फोडणीचा वास येईना, गटाराचा येईना, माझ्या विडीचाही येईना. मी बोललो, बरं झालं, एक कटकट गेली. पण वासापाठोपाठ चवही गेली तेव्हा माझी मस्करी बंद झाली.

"कसं लागतंय?" विचारलं की बोलायची, "चिखल खाल्ल्यावानी."

दोन घास खायची आणि ताट सारायची. मग एक घास. मग नुसता चहा. आगरात डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई ती, मान अजून ताठ. पण हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. दिवसभर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेली. त्यानं कापसाच्या बोळ्यावर काय काय लावून नाकाखाली धरलं. लवंग, कॉफी, आणखी काहीतरी. हिरा नुसती मान हलवायची, नाय, नाय, नाय. डॉक्टर बोलला, "नस दुखावली आहे. वास परत येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. पण यांनी खाल्लं पाहिजे. असंच चाललं तर ॲडमिट करून नळीनं अन्न द्यावं लागेल."

नळी! माझ्या बायकोला! मी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

मी हट्टी आहे, हे गावाला ठाऊक आहे. घरी येऊन सांगितलं, "तू जेवली नायस तं मी बी जेवनार नाय." आणि खरोखर नाही जेवलो. मला शुगर आहे हे विसरलो. दुसऱ्या दिवशी मोरीच्या दारात आडवा झालो. हिरा खाटेवरून ओरडली, "एक आजारी पुरे नाय का घरात? जेवा मुकाट!" मी जेवलो. ती नाही जेवली. हरलो मी त्या वेळेला.

आता सुनेचं सांगतो. स्नेहल ठाण्याची, शिकलेली. घरी वासाच्या मेणबत्त्या बनवून विकते. पांढरं मेण पातेल्यात वितळवते, थर्मामीटरचा काटा बघून गार करते, मग अत्तरासारखं तेल घालून काचेच्या ग्लासात ओतते. वात मधोमध राहावी म्हणून तिला काडीचा आधार देते. हात चांगला आहे पोरीचा, मी तोंडावर कधी बोललो नाही. वर चिठ्ठी डकवते. सगळी नावं इंग्रजी. ही म्हणे झोपेला, ही म्हणे टेन्शनला, ही म्हणे पाहुणे आले की घर प्रसन्न करायला.

हिराची ही अवस्था झाली तशी ती रोज दिवेलागणीला हॉलमध्ये एक लावायला लागली. संत्र्याच्या वासाची. त्यानं म्हणे भूक लागते.

मी बोललो, "जिला वासच येत नाय तिला वासाची मेनबत्ती? आंधल्याला आरसा दाखवतेस काय?"

ती बोलली, "आईंसाठी नाही लावत बाबा. तुमच्यासाठी लावते."

"मना काय धाड भरलीय?"

"तुम्ही दिवसभर ओरडता. प्रकाश आला की तो ओरडतो. मग मी भांडी आपटते. आई सगळं ऐकत पडून राहतात. आपण तिघं शांत राहिलो तर त्यांना निदान झोप तरी लागेल."

त्यावर मी ओरडलोच.

पण खरं लिहायला बसलोय तर खरं लिहितो. त्या वासानं घर जरा निवळलं होतं. प्रकाश कामावरून आल्या आल्या बूट भिरकावायचा, तो आता जागेवर ठेवायला लागला. टीव्हीचा आवाज कमी झाला. माझं डोकं मात्र त्या वासानं दुखायचं, आणि मी ते रोज सांगायचो. एवढं सगळं होऊनही हिराच्या पोटात अन्न जात नव्हतं. नळीचा दिवस जवळ येत होता. प्रकाशनं हॉस्पिटलात विचारूनही ठेवलं होतं.

मग ती सांज आली. दिवाळी होऊन गेली होती. अंधार पडायच्या वेळेला लाइट गेली. स्नेहल स्वयंपाकघरात बॅटरीच्या उजेडात कालवण करत होती. हिराच्या खोलीत उजेड हवा म्हणून मी सुनेच्या कपाटातून मेणबत्ती काढायला गेलो. सगळ्या वासाच्या. त्यांत एक ग्लास कोरा दिसला, त्यावर चिठ्ठी नव्हती. मी हुंगून बघितला. काही वास नाही. बोललो, ही बरी. माणसासारखी मेणबत्ती.

हिराच्या खाटेजवळ स्टुलावर ठेवली आणि पेटवली. ती भिंतीकडे तोंड करूनच होती. मी आगपेटी खिशात घालतोय, तोच पाठीमागून आवाज आला.

"अवो... मीठ पडलं."

"काय?"

"मीठ पडलं. वास येत नाय तुमाला?"

मी वळलो तर ती उठून बसली होती. आधाराशिवाय.

ज्यांनी आगर बघितलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला लागेल. खाडीचं पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात, मग एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. ऊन त्याला आटवतं. आटता आटता पाणी लालसर होतं, जड होतं. आणि मीठ धरायच्या अगोदर, वाफा पिकायला आला आणि सांजेला वारा पडला की, त्या पाण्याला एक वास सुटतो. आंब्याच्या मोहोराला कोणी खारवून ठेवावं तसा. फार हलका. तो वास आला की आम्ही बोलायचो, मीठ पडलं. उद्या फावडी काढा. हा वास दुकानात मिळत नाही आणि दुसऱ्या कुठल्या गोष्टीला येत नाही.

आणि हिरा तो वास येतोय म्हणत होती. पनवेलात, दुसऱ्या माळ्यावर. हंगाम नसताना... आगर असतं तरी त्या दिवसांत मीठ पडलं नसतं. वर जिच्या नाकाला लवंग कळत नव्हती ती बाई!

मला वाटलं, ताप डोक्यात चढला. कपाळाला हात लावला तर गार. ती बोलली, "हात काय लावताव? बाजूला सरा." आणि पदर खोचून भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली.

"स्नेहल, तांदलाचं पीठ काढ. भाकरी मी करतंय."

स्नेहलच्या हातातून डाव पडला.

आमच्यात रीत होती. पहिलं मीठ पडलं की मूठभर मीठ विकायच्या आधी घरी आणायचं. ते घरच्या बाईनं कालवणात टाकायचं, आणि पहिल्यांदा तिनंच जेवायचं. ती उठल्याशिवाय घरात कोणी ताटाला हात लावायचा नाही, मग तो मालक असो की तान्हं पोर. मिठाची परीक्षा तिची. आगर गेलं तशी रीतही गेली. मी तर विसरूनही गेलो होतो.

हिरा विसरली नव्हती. तिनं बॅटरीच्या उजेडात भाकऱ्या थापल्या. भाकऱ्या वाकड्या झाल्या. कालवणात डब्यातलं मीठ आपल्या हातानं चिमूटभर टाकलं. मग पाट घेऊन एकटीच बसली. तेवढ्यात प्रकाश आला, दारातच पाठीवर बॅग घेऊन उभा राहिला.

"आई? काय करतेस?"

"जेवतंय. तुमी थांबा. माझं होईस्तवर कोनाचं ताट नाय."

"आमाला भूक लागलीय गो!" मी मुद्दाम बोललो.

"लागू दे. पयल्या मिठाचं हाय."

एक घास. दुसरा घास. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे, जणू परीक्षेचा निकाल लागतोय. तिनं एक अख्खी भाकरी संपवली, कालवणाची वाटी पुसून घेतली आणि हात धुवायला उठली. प्रकाश बॅगेसकट गॅलरीत गेला आणि बराच वेळ आला नाही. स्नेहल सरळ रडायलाच लागली.

मी जेवायला बसलो आणि बोललो, "मीठ जास्त झालंय."

हिरा बोलली, "पयल्या मिठाचं असंच असतंय. गप जेवा."

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. मला फसवणं सोपं नाही. आधी सुनेला धरलं. "ह्या मेनबत्तीत काय घातलंस?"

"काहीच नाही बाबा! नवीन वात आणली होती, ती नीट जळते का बघायला नुसत्या मेणाची ओतली होती. विकायचीसुद्धा नव्हती. म्हणून लेबल नाही."

"शपथ घे."

"घेते. ठेवू हात डोक्यावर?"

मी मेणाचा कपटा दाताखाली धरून बघितला. चमच्यात वितळवून नाकाजवळ नेला, आणि नाक पोळून घेतलं. काही नाही. खाली शिलाई मशीनवाला बसतो त्याला वर बोलावलं. तो हुंगून बोलला, "काका, मेणाचा येतो, दुसरा कसला येणार?" खिडक्या लावून बघितल्या, उघडून बघितल्या. खाडीकडून वारा येत असेल म्हणून गच्चीवर जाऊन रुमाल धरला. वारा उलटा होता.

सांजेला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडची साधी मेणबत्ती आणून तसल्याच ग्लासात उभी केली, हिराला न सांगता लावली. ती खाटेवर बसली होती. मी विचारलं, "आला वास?"

"कसला?"

"मिठाचा."

"नाय. आज नाय."

मग मी ती विझवली. सुनेची कोरी मेणबत्ती प्रकाशच्या खोलीत नेली, दार लावलं, पेटवली. बाहेर आलो तर हिरा गॅलरीत मिरच्या निवडत होती. मी गुपचूप उभा राहिलो. तिनं मान वर केली.

"हां... आता येतंय. दुसऱ्या वाफ्याचं पिकलंय वाटतं." आणि सुनेला हाक मारली, "स्नेहल, भाकरीचं बग गो."

बोला. दार बंद होतं. ती खोलीकडे पाठ करून बसली होती.

मला मात्र वास नाही. मी त्या ग्लासासमोर रोज सांजेला मांडी घालून बसलो. डोळे मिटून बसलो, विडी सोडून बसलो, नाकात कोमट पाणी ओढून बसलो. आगरात जन्म काढलेला माणूस मी. त्या वासावरून बापानं मला पहाटे उठवलेलं. आणि मला येईना! हिरा भाकरी खात खात मला बघायची आणि गालात हसायची. महिनोन्महिने ती हसली नव्हती, म्हणून मी चालवून घेतलं.

तरी मनात होतंच... बाई मुद्दाम करत असेल. जेवायला लाज वाटत असेल, म्हणून निमित्त काढलं असेल. तसं असेल तरी माझी हरकत नव्हती. पण मला कळलं पाहिजे.

मग ताराबाय आली. ताराबाय म्हणजे हिराबरोबर आगरात पाट्या वाहणारी तिची मैत्रीण, आता उरणला मुलाकडे असते. हिराचं नाक गेलंय, ती जेवत नाही, एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. बसनं आली, जिना चढून धापा टाकत दारात टेकली. मेणबत्ती आत जळत होती. मी दार उघडलं. तिनं आत पाय टाकला आणि तिथेच थांबली. नाकपुड्या फुगवल्या.

"अगो बाय... मीठ कुठं पडलंय?"

अगदी हेच शब्द. खोटं नाही सांगत.

"तुला फोन आलता काय हिराचा?" मी विचारलं.

"फोन? माझ्या फोनची तं बॅटरी कवाच फुगून गेली. भावजी, ह्यो वास कुठना येतंय ते सांगा आदी!"

"मना नाय येत."

ती हिराकडे बघून बोलली, "हिरे, मी आयकलं तुजं नाक गेलं. इथं तं भावजींचं गेलंय!"

दोघी अशा हसल्या की शेजारच्या बाईनं दार उघडून बघितलं. नंतर दोघी मांडीला मांडी लावून जेवल्या, आणि मी रीतीप्रमाणे उपाशी बसलो. मग प्रकाशनं ताराबायच्या मुलाला विचारून खात्री केली. मिठाच्या वासाचं कोणी कोणाला काही बोललं नव्हतं.

आता खरी काळजी पुढे होती. मेणबत्ती आहे, जळणार, संपणार. मी बोललो, रोज थोडाच वेळ लावायची. प्रकाश बोलला, कापून दोन करू. स्नेहल बोलली, तसं केलं तर वात बुडेल. तिनं त्याच मेणाच्या, त्याच वातीच्या आणखी केल्या, त्याच पातेल्यात, तसलेच ग्लास घेऊन. मी स्वतः शेजारी उभा राहिलो. एकीलाही हिरानं मान वर केली नाही. शेवटी तळाला मेणाचा पापुद्रा राहिला. वात तडतडली, आडवी झाली आणि आपल्या आपण गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची सांज झाली. संत्र्याची लावू का, असं सुनेनं नुसतं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. मीच पाट मांडला. मीच ताट वाढलं, आयुष्यात पहिल्यांदा. मनाशी ठरवलं होतं, आज ही नाही जेवली तर मी पाया पडेन, पण नळी नाही.

हिरा आली. उभी राहिली. हुंगलं.

"आज वास नाय," ती बोलली.

मी बोललो, "नसू दे. बस तू."

"का?"

"बस बोलतंय ना!"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी कालचं पोर आहे. "आगरवाले तुमी, आनि तुमाला मी सांगाचं? सगले वाफे पिकले की वास ऱ्हातंय काय? मंग नुसती रास उचलाची. आता काम सुरू झालं. रिकाम्या पोटी पाटी उचलते का कोनी? सरा, वाढताव कसं ते बगा, कालवन सांडलंय."

आणि बसली. आणि जेवली. आणि मला बोलली, "तुमी पन बसा. पयल्या मिठाचं झालं आता. रोजचं जेवन सगल्यांनी मिलून जेवाचं."

ती जेवते, हे नक्की. मागच्या महिन्यात परत डॉक्टरकडे नेली. त्यानं परत कापसाचे बोळे धरले. लवंग नाही, कॉफी नाही, काहीच नाही. वास आलेलाच नाही! चवही नाही. डॉक्टर वजन बघून बोलला, "मग ह्या जेवायला कशा लागल्या?" मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा पुसला आणि बोलला, "काका, मनाचा प्रभाव असतो."

मी त्याला विचारलं ते तुम्हालाही विचारतो. मनाचा प्रभाव हिराचा धरला. ताराबायच्या नाकाला हिराचं मन कसं लागलं? बंद दाराआडची मेणबत्ती कशी कळली? आणि साध्या मेणाला तो वास आला असेल, तर मला का नाही आला... मी काय आगरात पाहुणा होतो? माझ्याकडे उत्तर नाही. स्नेहलकडे नाही. हिराला विचारलं तर बोलते, "आला तवा आला. तुमाला सगल्याचं कारन कललं पायजे?"

मला पाहिजे. मी अजून शोधतोय आणि शोधणार. कोणाला खरंच काही ठाऊक असेल तर लिहा. सल्ले नकोत, कारण सांगा. आता थांबतो. ती स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा ओरडते आहे, ताट वाढलंय म्हणून. मी जाईस्तोवर ती थांबत नाही हल्ली. सुरू करून टाकते.